रातमाकडांचे डॉक्टर

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात डॉक्टर टोकेकरांनी माझ्या होणाऱ्या व्याह्यांचं बोट टोचलं.

घडलं ते असं. व्याही भोपाळचे, सरकारी खात्यातले मोठे अधिकारी. हॉलमधल्या कूलरसमोरची मानाची खुर्ची आम्ही त्यांना दिली होती. थोड्या वेळाने ते म्हणाले, "जरा थंडी वाजतेय." एवढंच. कूलरसमोर बसलेल्या माणसाला थंडी वाजणारच. पण मागे बसलेल्या टोकेकरांनी ते ऐकलं. ते उठून पुढे आले, व्याह्यांसमोर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "रोज याच वेळेला वाजते की एक दिवसाआड?" व्याह्यांना वाटलं, मुलीकडचे कोणी ज्येष्ठ आपल्या पाया पडताहेत. ते संकोचून "अहो, अहो" करत त्यांना उठवायला वाकले. त्यांनी पुढे केलेला हात टोकेकरांनी धरला आणि खिशातली सुई काढली.

"हे भगवान! ये क्या कर रहे हैं भाईसाहब?" विहीणबाई ओरडल्या. तोवर रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरून टोकेकर घरी निघून गेले होते. पंगत बसली तेव्हा ते परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निगेटिव्ह. लग्नाला हरकत नाही."

लग्न झालं. सगळं छान आहे. पण व्याही अजूनही आमच्या घरी आले की हात खिशातून काढत नाहीत.

टोकेकर आमच्या शेजारचे. ग्वाल्हेरात सिटी सेंटरजवळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट आणि त्याला लागून माझा. मी हिशेबतपासनीस आहे आणि सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे टोकेकरांबद्दलच्या सगळ्या तक्रारी आधी माझ्याकडे येतात. ते डॉक्टर आहेत, पण माणसांचे नव्हेत. माकडांचेही नव्हेत, कारण माकडांना बरं करणं हे त्यांचं काम नव्हतं. माकडांना आजारी पाडायचं, यासाठी त्यांना पगार होता.

जन्म ग्वाल्हेरचा, नोकरी बाहेरच्या एका संशोधन संस्थेत. मलेरियाच्या लशीचं काम तिथे चालायचं. लस माणसाला देण्याआधी कोणाला तरी द्यावी लागते. त्यासाठी दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली छोटी माकडं विमानाने आणवत. मांजरापेक्षा लहान, रात्री जागणारी, घुबडासारख्या वाटोळ्या डोळ्यांची. टोकेकर त्यांना रातमाकडं म्हणत. त्यांची प्लीहा आधी काढून टाकायची, म्हणजे शरीर रोगाशी फार झगडत नाही. मग आजारी माकडाचं रक्त निरोगी माकडाला टोचायचं. आणि रोज सकाळी कानाला सुई लावून एक थेंब घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि किती जंतू झाले ते मोजायचं.

"इतक्या लांबून माकडं आणली, भाऊसाहेब," ते मला सांगत, "जंतूसुद्धा बाहेरून मागवले. आणि खिडकीखालच्या डबक्यात तेच जंतू फुकट होते. आमच्या शिपायाला दरवर्षी मलेरिया व्हायचा. त्याला कोणी विचारलं नाही."

लस काही निघाली नाही. शेवटच्या अहवालात "अधिक संशोधनाची गरज आहे" असं लिहिलं आणि संशोधन बंद केलं. निरोपाच्या दिवशी संस्थेने टोकेकरांना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल टोकेकरवहिनींनी अंगावर घेतली, नारळाची चटणी झाली. "सगळ्या मलेरियातून निष्पन्न काय," टोकेकर म्हणत, "तर चटणी. पण चांगली झाली होती."

निवृत्तीनंतर माकडं सुटली, पण सुई सुटली नाही. सोसायटीत कोणी शिंकलं की टोकेकर हजर. दूधवाला, इस्त्रीवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळ्यांची बोटं एकदा तरी टोचून झालेली. लोक त्यांना 'सुईवाले अंकल' म्हणतात. आणि त्यांचा आवडता प्रश्न एकच: "कंट्रोल कोण?"

प्रयोगात काही माकडांना लस द्यायची आणि काहींना द्यायची नाही. ज्यांना काहीच द्यायचं नाही ती 'कंट्रोल'. त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. शास्त्रात ही गोष्ट बरोबर असेल. सोसायटीत फार महाग पडते. डास वाढले म्हणून आम्ही धुराची फवारणी ठरवली, तेव्हा टोकेकर सभेत उभे राहिले.

"बी ब्लॉकला फवारणी करू नका."

"क्यों साहब?" बी ब्लॉकचे तोमर भडकले. "बी ब्लॉकवालों ने क्या पाप किया है?"

"पाप नाही. कंट्रोल."

तोमरांना ते मराठी कळलं नाही, पण अपमान कळला. शेवटी सगळीकडे धूर झाला आणि डास जिथल्या तिथे राहिले. टोकेकर महिनाभर मला गाठून सांगत होते, "बी ब्लॉक सोडला असता तर निदान फवारणी खोटी आहे हे तरी सिद्ध झालं असतं." मी ठेकेदाराचं बिल पाहिलं होतं. मला ते सिद्ध न करताही ठाऊक होतं.

आता वहिनींबद्दल. टोकेकरवहिनी म्हणजे गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, एका वाक्यात तीन वेळा हिंदीत जाऊन परत येणाऱ्या. नवऱ्याच्या वेडाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "अहो भाऊजी, हे तर सुरुवातीपासून असेच. माझी दोन्ही मुलं यांच्याच पाठीवर वाढली बघा. पाजायला माझ्याकडे, बाकी पूरा टाइम यांच्या पाठीवर. मी म्हटलं, कुठून शिकलात? तर म्हणे, माकडांकडून!"

हे खरं होतं. टोकेकरांनीच एकदा समजावून सांगितलं. त्यांच्या फ्लॅटमागे सिमेंटचं एक बाक आहे. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी नवराबायको तिथे बसत. बोलणं जवळजवळ नाहीच. ते शेंगा सोलत आणि दाणे बघतसुद्धा नाही अशा थाटात वहिनींच्या ओंजळीत टाकत. टरफलं आपल्या खिशात. मी फिरून येताना कधी टेकायचो.

"रातमाकडं जोडीने राहतात," ते म्हणाले. "नर-मादी, आयुष्यभर. पिंजऱ्यात आम्ही एक लाकडी पेटी ठेवायचो, तिच्यात दोघं दिवसभर एकमेकांना चिकटून झोपायची. पिल्लू झालं की ते नराच्या पाठीवर. मग आम्ही नराला रोग टोचायचो आणि वेगळ्या खोलीत न्यायचो. तो खायचं सोडायचा. आम्ही लिहायचो, मलेरियामुळे अन्न तुटलं."

"बरोबरच आहे की."

"नाही ना! एका नराने असंच खाणं सोडलं. अगदी वाळून गेला. मी रक्त पाहिलं तर स्वच्छ. कारण तो कंट्रोल होता, भाऊसाहेब. त्याला मलेरिया दिलाच नव्हता. नुसतं दुसऱ्या खोलीत नेलं होतं."

वहिनी दाणे खात होत्या. त्यांनी ही गोष्ट पूर्वी ऐकली असणार, पण तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ऐकत असल्याचा भाव होता. ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

"मग?"

"मग मी मादीची पेटी आणून त्याच्या पिंजऱ्यात ठेवली. न धुतलेली. वास येणारी. आणि त्याची पेटी तिच्याकडे. संध्याकाळी त्याने अर्धं केळं खाल्लं."

"हे छापलंत की नाही कुठे?"

"काय छापणार? वासाचा आकडा कसा काढायचा?"

"आणि त्या नराचं पुढे काय झालं?"

टोकेकरांनी खिशातली टरफलं झुडपात झटकली. "प्रयोग संपला," ते म्हणाले. दोघं उठून आत गेले.

वहिनींचं विसरणं वाढत गेलं. आधी मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही. एके दिवशी दूध गॅसवर ठेवून त्या घराबाहेर पडल्या, रिक्षा केली आणि नया बाजारात गेल्या. तिथे टोकेकरांचं जुनं घर होतं. ते विकून कैक वर्षं झाली. वहिनी तिथल्या दारात उभ्या राहून नव्या मालकिणीकडे आपली किल्ली मागत होत्या. समोरच्या दुकानदाराने ओळखलं म्हणून बरं, त्याने मला फोन लावला. त्या वेळी टोकेकर सी ब्लॉकमध्ये एका इलेक्ट्रिशियनचं बोट टोचत होते. घरात धूर भरला होता.

मग त्यांना सांभाळायला बाया ठेवल्या. पहिलीला टोकेकरांनी रुजू होण्याआधीच सुई लावली, कारण तिचं गाव मलेरियाच्या पट्ट्यात होतं. ती दुपारी गेली ती गेलीच. दुसरी जरा टिकली, पण रोज सकाळी सुई म्हटल्यावर तिनेही हात जोडले. "बाबूजी, अम्माजी को तो मैं संभाल लूँ. आपको कौन संभालेगा?" तिसरी आलीच नाही. बायांमध्ये बातमी फिरली होती.

शेवटी मुलं आली. नोएडाहून मिलिंद, इंदूरहून अर्चना. एका रविवारी सकाळी मला बोलावलं. सेक्रेटरी म्हणून, शेजारी म्हणून, आणि बाबांनी आरडाओरडा केला तर धरायला म्हणून. टोकेकर खुर्चीत होते, वहिनी आतल्या खोलीत झोपलेल्या.

मिलिंदने आधीच सगळं ठरवून आणलं होतं. आई इंदूरला, बाबा नोएडाला. अर्चनाच्या फ्लॅटमध्ये तिची सासूही होती, तिथे एकाचीच सोय होणार. मिलिंदकडे दोघं नोकरीवर, आईला बघायला कोणी नाही. बाबा स्वतःचं स्वतः करू शकतात. मी मनात आकडेमोड केली. खोल्या, माणसं, सुट्ट्या. कुठेही चूक सापडेना. वाईट वाटायचं तेवढंच शिल्लक राहिलं, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

"जोडी फोडायची नाही," टोकेकर म्हणाले.

"बाबा, जरा प्रॅक्टिकल बना ना."

"मी प्रॅक्टिकलचंच सांगतोय. आमच्याकडे पाहिलेलं आहे. वेगळं केलं की खाणं सुटतं. रोग असो नसो. आधी दोन दिवस काही दिसत नाही, मग वजन पडायला लागतं. मग काही उपयोग नाही."

"बाबा, प्लीज!" मिलिंदचा आवाज चढला. "आई काय माकड आहे?"

अर्चनाने डोळे पुसले. मी पंख्याकडे पाहिलं. टोकेकर मुलाकडे बघत राहिले. कधीकाळी ज्याला पाठीवर घेऊन हिंडले तो हाच, हे बहुतेक ताडून पाहत होते.

"तिचं नाही सांगत मी," ते शांतपणे म्हणाले. "मादी खायची. नराचं सांगतोय."

मग अर्चनाने चहा केला आणि आम्ही तो प्यायलो. दुपारी तिळाच्या गजकचे डबे बांधले गेले. दुसऱ्या दिवशी वहिनी इंदूरला गेल्या. गाडीत बसताना त्यांनी टोकेकरांना विचारलं, "तुम्ही मागच्या गाडीने येताय ना?" आणि आयुष्यभर आकड्याशिवाय न बोललेला तो माणूस म्हणाला, "हो. लगेच."

नोएडाला जायला टोकेकरांनी साफ नकार दिला. "तिला घरचा रस्ता आठवला तर दार उघडायला कोणीतरी हवं," एवढंच कारण. मिलिंद दोन दिवस चिडला आणि मग त्याची सुट्टी संपली.

त्यानंतर सोसायटीत एक चमत्कार झाला. टोकेकरांनी बोटं टोचणं बंद केलं. पावसाळा सरला, घराघरांत ताप आला, आणि कोणाच्याही दारात सुई घेऊन कोणी उभं राहिलं नाही. लोकांना फार बरं वाटलं. तोमर मला म्हणाले, "चलो, अंकल सुधर गए." तोमर माणूस चांगला आहे, पण त्याला 'सुधारणं' आणि 'संपणं' यांतला फरक समजावण्याची माझी इच्छा नव्हती.

आमच्या घरून डबा जायचा. माझी बायको सुनंदा वरण-भात, पोळी-भाजी भरून द्यायची. डबा परत यायचा तेव्हा हाताला जड लागायचा. टोकेकरांच्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटली. सुनंदा घाबरली. "डॉक्टर, तुम्हालाच मलेरिया झाला नसेल ना? स्वतःचं रक्त तपासा एकदा."

"तपासलं, वहिनी." त्यांनी खिशातून काचेची पट्टी काढून तिच्यासमोर उजेडात धरली. तिला त्यात काय दिसणार! "ताप नाही. जंतू नाहीत. स्वच्छ आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी कंट्रोल आहे, भाऊसाहेब."

सुनंदाला कळलं नाही. मला कळलं.

मला ऑफिसच्या कामाने इंदूरला जायचं होतं. हे कळताच टोकेकर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक बोचकं घेऊन आले. आत त्यांचा तपकिरी अर्धा स्वेटर होता. तो थंडीत रोज त्यांच्या अंगात असे, आणि धुतल्यासारखा तर मुळीच वाटत नव्हता. पिशवीचं तोंड दोऱ्याने घट्ट बांधलेलं.

"हा तिच्या हातात द्या. धुऊ नका. आणि तिची शाल घेऊन या. संस्थेची. तीही..." ते थांबले. प्रयोगाच्या सूचना देणारा आवाज काही लागेना. "तीही तशीच आणा."

मी मान हलवली. लाकडी पेटीबद्दल दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

इंदूरला वहिनींनी मला ओळखलं नाही. "कोण, बँकेतले का?" म्हणून हसल्या. अर्चनाने बोचकं सोडलं आणि नाकाला पदर लावला. "ई, काका! बाबांचा स्वेटर! किती वास मारतोय. मशीनला टाकते." मी म्हटलं, धुऊ नकोस असं बाबांनी सांगितलंय. तोवर वहिनींनी तो तिच्या हातून ओढून घेतला होता. त्या स्वेटर घेऊन पलंगापाशी गेल्या, उशीखाली सारला आणि वर हात ठेवून बसल्या. रात्री मी तिथेच जेवलो. वहिनी माझ्यासमोर दोन पोळ्या जेवल्या. अर्चना म्हणाली, "आज पहिल्यांदा न भरवता जेवली."

शालीबद्दल मी अर्चनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून परस्पर स्टेशनवर गेलो. अर्चनाचा नवरा तिथे एक छानशी पिशवी देऊन गेला. ती मी ग्वाल्हेरला येऊन तशीच टोकेकरांच्या हातात दिली.

त्यांनी खुर्चीत बसून पिशवी उघडली. शाल बाहेर आली तीच इस्त्रीच्या घड्या घेऊन. खोलीभर कसल्यातरी फुलांचा सुगंध पसरला, हल्ली कपडे धुतल्यावर घालतात तो. शालीवरचा हळदीचा जुना डागही गेला होता. टोकेकरांनी ती उलगडली आणि चेहऱ्याजवळ नेली. एक टोक. मग दुसरं टोक. मग मधला भाग. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवावी तसं त्यांनी शालीचा तसू न तसू पाहिला. मग ती मांडीवर ठेवली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पोरीने कष्ट घेतलेत."

"धुऊ नको म्हणायचं माझंच राहिलं. मी फोन लावून सांगतो तिला. पुढच्या वेळी न धुता..."

"नको." ते घाईने म्हणाले. "तिला वाईट वाटेल. तिला काय ठाऊक?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "स्वेटर?"

"उशीखाली ठेवला त्यांनी."

"जेवली?"

"दोन पोळ्या. माझ्यासमोर. अर्चनाने भरवल्या नाहीत."

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. अहवाल बरोबर निघालेल्या माणसाचा असतो तसा. "बघा," ते म्हणाले, "पेटी लागू पडते." टेबलावर सुनंदाचा सकाळचा डबा तसाच होता. मी तो उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी माझ्या समाधानासाठी पोळीचा एक तुकडा मोडला आणि हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी फिरून येताना पाहिलं तर मागच्या बाकावर टोकेकर आपल्या जागी बसले होते. वहिनींच्या जागेवर शाल पसरलेली, वर ऊन पडलेलं.

"वाळत घातलीत?" मी विचारलं.

"हा साबणाचा वास उडून जाऊ द्यायचाय," ते म्हणाले. "दोनचार उन्हं खाल्ली की जाईल. वरचा गेला की खालचा येईल कदाचित. काय वाटतं तुम्हाला?"

मी हिशेबाचा माणूस आहे. एकदा पुसलेली रक्कम खाली कुठे शिल्लक राहत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. जन्मभर मी खोटी बेरीज मांडलेली नाही.

मी शाल थोडी बाजूला सारली आणि बाकावर टेकलो.

"येईल, डॉक्टर," मी म्हटलं. "नक्की येईल."